साईराजच्या अंगाची सावड

निवड चाचणीची तारीख ठरवणारे साहेब, हा घोटाळा तुम्ही केलात. पावसावर ढकलू नका, हॉलवाल्यावर ढकलू नका, वरून आदेश आला असंही सांगू नका. या भागात भात कधी कापायला येतं हे शेंबड्या पोराला कळतं. ऑफिसच्या खिडकीतून मान बाहेर काढली असतीत तरी शेतं पिवळी झालेली दिसली असती. पण तुम्ही मान खाली घालून मोबाइलवर एक ओळ टाकलीत, तीही चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. ‘अपरिहार्य कारणास्तव चाचणी दहा दिवस पुढे ढकलण्यात येत आहे.’ कारण कोणतं ते नाही, खाली सही नाही. जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं आहे.

त्या एका ओळीनं करंजखोलात काय झालं ते आता बसून ऐका.

करंजखोल म्हणजे कर्जत आणि खालापूरच्या मधलं, डोंगराला पाठ लावून बसलेलं गाव. निम्मं गाव खोपोलीच्या कारखान्यांत कामाला, आणि कापणी आली की सगळं गाव शेतात. तिथला साईराज कुस्ती खेळतो, चौऱ्याहत्तर किलोच्या गटात, तेवीस वर्षांखाली. यंदाचं त्याचं या वयोगटातलं शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून निवड झाली तर राज्याच्या मॅटवर पाय लागणार. नाही झाली तर पुढच्या वर्षापासून मोठ्यांच्या गटात, तिथं फौजेतले आणि पोलिसातले तयार गडी मानगूट धरायला टपून बसलेले असतात.

गेल्या वर्षी तो फायनलला हरला. मोहोपाड्याच्या ओजसनं हरवलं. ओजस कारखान्याच्या कॉलनीतला, पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत साईराज पुढं होता. मग त्यानं ओजसचं मनगट धरायला हात टाकला आणि बोटं मिटलीच नाहीत. ओजस सुटला, मागं गेला, पाडून मोकळा झाला. बोटं का मिटली नाहीत? कारण आदल्या दोन दिवसांत साईराजनं भाताचे भारे वाहिले होते. गेल्या वर्षीही तुमची चाचणी कापणीतच होती, साहेब. विसरला असाल.

आता साईराजचा दोष सांगतो. त्याला नाही म्हणता येत नाही. खांदे हे एवढे, मान बैलासारखी, आणि जीभ गोगलगायीची. कुणी हाक मारली की आधी अंग उठतं, मग तो काय काम आहे ते विचारतो. सकाळी बापाची जुनी मोटारसायकल काढून तो खालापूरच्या बाजूला नामा वस्तादांच्या तालमीत जायचा. मारुतीच्या देवळामागं पत्र्याची तालीम, अर्ध्यात माती आणि अर्ध्यात कुठून तरी आणलेली जुनी मॅट. नामा तात्यांचे दोन्ही कान मोडलेले, आवाज शाबूत. त्यांच्याकडं जोर, बैठका, डाव, पुन्हा जोर. शनिवारी तालीम बंद, मारुतीचा वार म्हणून.

संध्याकाळी तो कर्जतला. बाजारपेठेत मेडिकलच्या वर आसावरीताईंची जिम. कर्जतच्या जुन्या मास्तरांची ही मुलगी स्वतः वजनं उचलून राज्यातून पदक घेऊन आलेली. तिच्याकडं बारबेल, स्क्वॉट, डेडलिफ्ट. तिची जिम रविवारी बंद.

म्हणजे शनिवारी तालीम नाही पण जिम आहे. रविवारी जिम नाही पण तालीम आहे. दोन्ही नाहीत असा वार आठवड्यात नाही. आणि शनिवारची सकाळ, रविवारची संध्याकाळ जी मोकळी राहायची ती सगळ्या गावाला तोंडपाठ. किराणावाला विठू शनिवारी उजाडता दारात उभा, गॅसचे सिलिंडर उतरवायचे असायचे. कुणाची पाण्याची टाकी माळ्यावर चढवायची, कुणाचं लग्नाचं मोठं पातेलं हलवायचं. आज तुझी सुट्टीच हाय ना रं, असं विचारलं की साईराज म्हणायचा, हाय की.

दोन्ही गुरूंना एकमेकांचं काय चालतं ते माहीत नव्हतं, कारण साईराज दोघांशी खोटं बोलायचा. तात्या विचारायचे, त्या लोखंडवालीकडं काय करतोस? तो म्हणायचा, काय नाय, जरा हात मोकळं करतो. ताई विचारायची, तालमीत किती होतं? तो म्हणायचा, थोडंच, डाव शिकवतात. तात्यांना वाटायचं पोरगं संध्याकाळी खेळतंय, दोनशे बैठका वाढवू. ताईला वाटायचं पोरगा सकाळी डाव शिकतोय, पायांना अजून वजन देऊ.

यंदा मात्र नशिबानं तारीख कापणीच्या आधी आली होती. दसरा झाला की चाचणी, मग भात. साईराजच्या आईनं, वनितानं, विळे धार लावून वळचणीला खोचून ठेवले आणि सांगितलं, आधी तुझी मॅट, मग आमचं शेत. तात्यांनी दोन दिवस सोडलं. ताईनं वजनं निम्मी केली. साईराज आरशात बघून स्वतःशीच हसायला लागला. अंग हलकं वाटत होतं, आणि ही गोष्ट त्याला इतकी नवी होती की आजारी तर नाही ना म्हणून त्यानं कपाळाला हात लावून पाहिला.

मग तुमची ओळ आली.

तात्यांनी ती वाचून घेतली आणि खूश झाले. दहा दिवस फुकट मिळाले म्हणाले, आता तुला घासून काढतो. ताईनं वाचली आणि वही बंद करून म्हणाली, दहा दिवस आहेत तर ताकदीचा अजून एक छोटा टप्पा बसतो. वनितानं वळचणीचे विळे काढले. भात वाट बघत नाही, आणि सावड तर त्याहून नाही.

ही सावड म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागणार. मजूर मिळत नाहीत म्हणून घरं एकमेकांना माणसं देतात. आज सगळ्यांनी मिळून एका घरचं शेत कापायचं, उद्या दुसऱ्या घरचं. ज्याचा नंबर, त्याच्याकडं सगळ्यांचं जेवण. तुम्ही माझ्याकडं आलात, मी तुमच्याकडं येणार, हा व्यवहार तोंडी, आणि तो मोडला तर माणसाला गावात मान वर करायची सोय नाही. करंजखोलात सावडीचा कारभार बायजाकाकीकडं. साईराजच्या शेजारची, साठीची, अंगानं काडी, पण कुणाचा नंबर कुठल्या दिवशी हे तिनं सांगितलं की सरपंचही वर बोलत नाही.

साईराज तिघांनाही हो म्हणाला.

सकाळी तालीम, दिवसभर भारे, संध्याकाळी जिम. दुसऱ्याच दिवशी तालमीत सातवी-आठवीतल्या पोरानं त्याला चीतपट केलं आणि घाबरून स्वतःच माफी मागितली. त्या संध्याकाळी जिममध्ये डेडलिफ्टचा बार त्याच्या हातातून सुटून असा आदळला की खालचा मेडिकलवाला वर आला. बोटं मिटत नव्हती. तीच बोटं, तसंच. गेल्या वर्षीचं ते अर्धं मिनिट परत साईराजसमोर येऊन उभं राहिलं.

ताईनं त्याला सांगितलं, चटईवर पड, पाठ मोकळी कर. तो पडला आणि घोरायला लागला. बायकांची बॅच आली, त्याला वळसा घालून व्यायाम करून गेली, तरी उठला नाही. उठवल्यावर ताईनं समोर बसवून विचारलं, आणि झोपेच्या गुंगीत त्याच्याकडून पहिल्यांदाच खरं निघालं. जोर किती, बैठका किती, सगळं.

“आणि दिवसा आराम?” ताईनं विचारलं.

“दिवसा घरीच असतो. भारे वाहायला.”

“भारा किती किलोचा असतो?”

“काय माहीत. भारा भाऱ्यायेवढा असतो.”

दुसऱ्या दिवशी आसावरीताई स्कूटर घेऊन करंजखोलात आली. बायजाकाकीच्या शेतावर सावड होती. ट्रॅकपँट घातलेली, केस आवळून बांधलेली बाई बांधावरून येताना दिसल्यावर कापणाऱ्या बायकांत कुजबुज झाली. बायजाकाकीनं वनिताला कोपर मारून विचारलं, स्थळ आणलंस काय गं पोराला, मला न सांगता? वनितानं डोक्याला हात लावला.

ताईनं कुणाला काही विचारलं नाही. बांधून ठेवलेल्या भाऱ्याभोवती एक फेरी मारली, गुडघ्यात वाकली, पाठ सरळ ठेवली आणि भारा मांडीपर्यंत आणला. बायका विळे थांबवून बघायला लागल्या. मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. चेहरा भाताच्या कणसांत झाकला गेला, समोरचं दिसेना, बांध अरुंद, पायाखाली कापलेल्या भाताचे खुंट टोचणारे. तरी ती खळ्यापर्यंत गेली. भारा टाकला आणि तिथंच बसली. मान चोळत तिनं साईराजला विचारलं, असे दिवसातून किती? तो म्हणाला, मोजत नाय.

“अख्ख्या आयुष्यात मी इतका वाईट व्यायाम केला नाही,” ती म्हणाली. बायकांना ते आवडलं. एकीनं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात खळ्याच्या दुसऱ्या बाजूला रिक्षा थांबली आणि नामा तात्या उतरले. सकाळी साईराज तालमीला आला नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा तो झोपून राहिला होता, म्हणून मेला की काय ते बघायला आलो, असं त्यांनी रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. मग त्यांची नजर ताईवर गेली.

“ती लोखंडवाली तूच काय गं?”

“आणि हजार बैठकांवाले तुम्ही.”

पुढचा अर्धा तास खळ्यावर जे झालं त्याला भांडण म्हणायचं तर दोघंही एकाच बाजूनं भांडत होते. ताई म्हणाली, तुम्ही एवढ्या बैठका घेता हे कळलं असतं तर मी पायांना वजन दिलंच नसतं. तात्या म्हणाले, तू एवढं वजन देतेस हे कळलं असतं तर मी बैठका निम्म्या केल्या असत्या. मग दोघांनी मिळून साईराजकडं बघितलं. तो एक भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होता. कणसांमागं तोंड लपलं होतं, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

बायजाकाकी विळा हातात घेऊन मधे आली.

“भांडान तुमचं तुमच्या घरी. आज नंबर माझा हाय, आजचा मानूस माझा. एका दिवशी एका घरचं शेत. दोन घरांनी एक मानूस वडला तर सावड मोडते.”

तात्यांना ते पटलं. बरं, उद्याचा माझा, ते म्हणाले. ताई म्हणाली, मग परवाचा माझा. वनिता हळूच म्हणाली, आमच्या स्वतःच्या शेताचा नंबर तेरवा हाय, त्यो तेवढा सोडा. विठू किराणावाला पेंढ्यावर बसून चहा पीत होता, त्यालाही राहवलं नाही. शनवारी सिलिंडर येनार हायेत, तो म्हणाला, सकाळच्याला येक तास.

साईराज अर्ध्या बांधावर पोचला होता. तिथं त्यानं भारा खाली ठेवला.

हे कळायला तुम्हाला शेतकरी असावं लागेल, साहेब. भारा वाटेत खाली ठेवत नाहीत. ठेवला तर पिकलेले दाणे झडतात, वर्षभराचं अन्न मातीत जातं. मान मोडली तरी माणूस खळ्यापर्यंत चालतो. साईराजनं भारा ठेवला आणि सगळं शेत उभं राहिलं. आईच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

त्याला स्वतःलाच धक्का बसला होता. मग बोलला, तेही बायजाकाकीकडं बघून, कारण सावडीचं तिच्याशीच बोलायचं असतं.

“काकी, मिसरूड फुटल्यापासून मी समद्यांच्या नंबराला आलो. कदी नाय म्हनलो काय?”

“नाय रं.”

“तात्यांच्या नंबराला गेलो, ताईंच्या गेलो. इठूच्या सिलिंडरला सुद्दा गेलो. आता ह्ये,” त्यानं स्वतःच्या छातीवर हात मारला, “ह्ये पन एक घरच हाय. ह्याचा नंबर कवा लागला? ह्याच्याकडं कोनी सावडीला आलंच नाय.”

विठूनं चहाचा कप खाली ठेवला.

“मागायची व्हतीस,” बायजाकाकी म्हणाली. आवाज खाली आला होता. “सावड मागितल्याबिगर येत नाय रं बाबा.”

“आत्ता मागतोय. चाचनीपतुर.”

“मागितलीस. मंग येनार.” तिनं विळा कमरेला खोचला, झडलेल्या दाण्यांकडं एकदा बघून तोंड वाकडं केलं, आणि मग तिला अडचण कळली. “पन आमी येऊन करायचं काय?”

“काय नाय करायचं. आन मला पन काय करू द्यायचं नाय.”

करंजखोलात आजवर कितीतरी प्रकारची सावड झाली असेल, पण काहीही न करण्याची ही पहिलीच. एक बाई हसली, मग सगळं शेत हसायला लागलं. तो भारा ताईनं उचलला. तात्यांनी मागून हात लावला, कारण बघत उभं राहणं त्यांना जमेना.

खळ्यावर पेंढ्यात बसून दोघा गुरूंनी उरलेले दिवस वाटून घेतले. शनिवारी जिमही बंद, हे ताईनं तिथंच ठरवलं. मारुतीचा वार पाळायला माझी हरकत नाही म्हणाली. तात्यांनी बैठका पूर्ण सोडल्या. ज्या दिवशी मॅट त्या दिवशी लोखंड नाही, ज्या दिवशी लोखंड त्या दिवशी मॅट नाही, आणि वजन जड पण मोजकंच. ताई त्याला रिकव्हरी म्हणत होती. तात्या म्हणाले, शब्द चांगला हाय, आमच्या वस्तादानं ह्यालाच आळस म्हनून काठी घातली असती. पण त्यांनी मान्य केलं.

आता गाव कामाला लागलं. करंजखोल एखादी गोष्ट अंगावर घेतं तेव्हा अर्धवट घेत नाही. साईराजच्या हातातून आईनं पाण्याचा हंडा काढून घेतला. शाळेत जाणारी पोरं त्याची बॅग मोटारसायकलपर्यंत पोचवायला लागली. शनिवारी विठूनं सिलिंडर स्वतः उतरवले, कंबर धरून बसला आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला की एवढं जड सामान त्या पोराला सांगणारा मी केवढा हरामखोर होतो. दुपारी झोपायचं असा ताईचा हुकूम होता. म्हणून बायजाकाकीनं जवळच्या खळ्यावरची झोडणी लांबच्या खळ्यावर नेली. फक्त दर थोड्या वेळानं कुणीतरी दारातून डोकावून विचारायचं, झोपलास काय रं? तो जागा व्हायचा आणि हो म्हणायचा.

आणि जेवण. सावडीला आलेल्याला जेवू घालायचं असतं. आता साईराजच्या अंगाकडं गाव सावडीला आलेलं, म्हणजे जेवण खरं तर त्यानं द्यायला हवं होतं. बायजाकाकीनं त्याचा विचार केला आणि निकाल दिला की जेवण त्याच्याच अंगाला द्यायचं, म्हणजे घरातल्या घरात फिटतं. मग एका घरातून वालाचं बिरडं आलं, दुसऱ्या घरातून गावठी कोंबडी. सुकटीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, शेवयांची खीर, उकडलेली अंडी. न खाल्लं तर त्या घरची सावड नाकारल्यासारखं होणार. आणि आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मघाशीच सांगितलंय. आयुष्यात एकदा त्यानं तोंड उघडलं होतं, तेवढ्यावर त्याची वर्षभराची बेगमी संपली होती.

चाचणीला तीन दिवस राहिले तेव्हा तात्यांनी त्याला भाताच्या गिरणीतल्या पोती मोजायच्या काट्यावर उभा केला. काटा सरकला तो चौऱ्याहत्तरच्या पुढं, आणि सरकतच राहिला. दोन किलोंच्या वर जाऊन थांबला. गिरणीवाला म्हणाला, आमचा काटा जरा पुढंच हाय. तात्या म्हणाले, किती पुढं? तो म्हणाला, दोन किलो नाय बा.

तात्यांनी फोन लावला. ताईच्या ओरडण्याचा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या वर ऐकू आला. वजनात एका गुंजेनं जास्त भरला तरी कुस्ती न खेळताच घरी, एवढा आराम, एवढी झोप, एवढी मिनतवारी, सगळं खिरीत गेलं असतं.

त्या संध्याकाळी साईराज स्वतः बायजाकाकीच्या ओटीवर गेला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, दारात विसरला. शेवटी म्हणाला, काकी, जेवन नको. म्हाताऱ्या बाईचं तोंड एवढंसं झालं. हो म्हणून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं. पण बोटं आठवली. सांगितलं त्यानं, शांतपणे, काटा काय म्हणाला ते. काकीनं ऐकलं, ताट झाकलं आणि म्हणाली, मंग निवडून आल्यावर जेव. समद्यांचं एकदम. आमी काय पळून जात नाय.

दोन ‘नाही’ झाले, असं तात्या नंतर सगळ्यांना सांगत फिरले. एकाच कापणीत पोरगं दोनदा नाही म्हनलं.

मीठ बंद, भाकरी कमी, आणि उन्हात दोन स्वेटर घालून सावकाश चालणं. पळायचं नाही, पाय वाचवायचे, एवढं ताईनं बजावलं होतं. साईराज केळवलीच्या रस्त्यानं घोंगडीत गुंडाळल्यासारखा चालायचा आणि मागून भारे घेऊन जाणाऱ्या बायका त्याला ओलांडून पुढं जायच्या. आवंदा थंडी लवकर पडली काय रं, त्या विचारायच्या. तो घाम पुसत हसायचा.

चाचणीच्या दिवशी गाव टेंपोतून आलं. वजनाच्या वेळी साईराजनं श्वास धरला. तिथल्या माणसानं काट्याकडं बघून हात हलवला, चल पुढं. तात्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि ताईनं त्याच्या हातात केळं दिलं.

आधीच्या कुस्त्यांचं काय सांगायचं, त्या झाल्या. फायनलला समोर ओजस. तोही वर्षभर झोपला नव्हता, म्हणजे व्यायामात. रात्री नीट झोपलेला दिसत होता. त्यानं पहिल्या फेरीत साईराजला दोनदा मागून धरलं आणि पुढं गेला. दुसऱ्या फेरीत साईराजनं थोडं फेडलं, तरी मागंच होता. घड्याळावर शेवटचं अर्धं मिनिट उरलं. गेल्या वर्षीचंच अर्धं मिनिट. साईराजनं हात पुढं टाकला, ओजसच्या मनगटावर बोटं मिटली.

मिटली.

त्याला स्वतःला क्षणभर नवल वाटलं. मग तो खाली गेला, दोन्ही मांड्या कवेत घेतल्या, पाठ सरळ, गुडघ्यातून वर. मांडीपर्यंत आला, खांद्यावर आला. तात्यांना त्यात दुहेरी पटाचा डाव दिसला, ताईला डेडलिफ्ट दिसली. टेंपोतून आलेल्या सगळ्यांना काय दिसलं ते बायजाकाकीनं मोठ्यानं सांगितलं.

“आता वाटंत ठेवू नको रं.”

नाही ठेवलं. पार कडेपर्यंत नेलं आणि ओजसला पाठीवर टाकून चीत केलं. शिट्टी झाली, पंचानं साईराजचा हात वर केला. ओजस उठला, हातात हात दिला आणि विचारलं, यंदा काय केलंस? साईराज म्हणाला, काहीच नाही. ओजसला ते खोटं वाटलं.

टेंपोत डबे भरलेले होते. बिरडं, कोंबडी, खीर, सगळ्या घरांचं एकदम. पोरं मॅटच्या कडेला नाचत होती, वनिता पदरानं डोळे पुसत होती, तात्या ताईला सांगत होते की पुढच्या आठवड्यात एकदा तालमीत ये, पोरांना ते लोखंड दाखव. आणि त्या गोंगाटात तुम्ही माइक हातात घेतलात, साहेब. म्हणालात, विजेत्यांचं अभिनंदन, राज्य स्पर्धेची तारीख नंतर कळवण्यात येईल.

बायजाकाकी गर्दीतून वाट काढत तुमच्या टेबलासमोर आली. तुम्हाला वाटलं पाणी मागायला आली, तुम्ही बाटली पुढं केलीत.

“पानी नको. तारीख सांगा,” ती म्हणाली.

तुम्ही म्हणालात, ग्रुपवर टाकू, आजी.

“ग्रुपवर नको. झोडनी कवा लावायची, कोनाचं खळं आधी घ्यायचं, त्ये आमाला आज ठरवायचं हाय. ह्या पोराच्या अंगाचा नंबर आमाला धरायचा हाय. आन त्ये तुमचं अपरिहार्य कारन काय व्हतं, त्ये बी सांगा.”

तुम्ही मोबाइल बघायला लागलात. बाहेर टेंपोवाला हॉर्न देतोय, खीर गार होतेय, साईराज उपाशी आहे. पण काकी टेबलापासून हललेली नाही आणि तिच्यामागं एकेक करून सगळं करंजखोल येऊन उभं राहिलंय. तारीख कोणती, साहेब? ती आदल्या संध्याकाळी बदलणार नाही असं सही करून कोण देणार? मान वर करा आणि सांगा.